मागच्या अ‍ॅक्सलमधला एक आकडा

(इंग्लंडमधल्या मिडलंड्स भागात मराठी मंडळींच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना बाहेर उभी असलेली माझी गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली. एमजीबी जीटी, एमजी कंपनीची १९७० सालची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. लोक आधी रंगाचं कौतुक करतात, मग बॉनेट उघडायला सांगतात. मागच्या दोन चाकांमध्ये अ‍ॅक्सलला जो लोखंडी गोळा आहे, तो बघायला आजवर कुणी खाली वाकलेलं नाही. आज त्या गोळ्याबद्दल बोलतो.

मी सांगलीला काकांच्या गॅरेजमध्ये वाढलो. तिथे अँबेसिडर यायच्या. अँबेसिडरचं जुनं इंजिन १४८९ सीसीचं, एमजीबीचं १७९८ सीसीचं, पण दोघांचं कुळ एक, बीएमसी या ब्रिटिश कंपनीची बी-सिरीज. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा एमजीबी उघडली, तेव्हा मावशीच्या घरी गेल्यासारखं वाटलं. भांडी वेगळी, पण मांडणी ओळखीची.

तर त्या गोळ्यात क्राऊन आणि पिनियन ही एक मोठं, एक छोटं अशी दातेरी चाकं असतात. गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला. एमजीबीच्या पिनियनला ११ दात, क्राऊनला ४३. भागाकार करा, ३.९०९. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टने जवळजवळ चार फेरे मारायचे. आता ४४ दात ठेवले असते तर हिशेब सोपा झाला असता, बरोबर चार. पण मग पिनियनचा एक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहिला असता. ४३ आणि ११ यांना सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पडते. मला हे कळलं त्या दिवशी मी दोन कप चहा जास्त प्यालो होतो.

तुमच्या गाडीत कुठला सेट आहे हे गोळा न उघडता कळतं. एक मागचं चाक जमिनीवर ठेवायचं, दुसरं जॅकवर उचलायचं. पुढच्या चाकांना ओट लावायची, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. शाफ्टवर खडूने रेघ मारायची. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. दोन का? तर एक चाक अडलेलं असलं की डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचा, क्राऊनला जोडलेला पिंजरा निम्माच फिरतो. शाफ्टची रेघ चार फेऱ्यांना जेमतेम कमी पडली तर ३.९०९. तीनच्या किंचित पुढे थांबली तर तो व्ही-एटचा, म्हणजे आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीचा सेट, ३.०७.

या व्ही-एटनेच माझा घात केला. १९७३ ते १९७६ या काळात एमजीने याच जीटीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-एट बसवलं आणि मागे ३.०७ दिलं. माझी गाडी तेव्हा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे टॉपच्या वरचा जादा गिअर, नसलेली. मोटरवेवर ७० मैलांना इंजिन ३९०० फेऱ्यांवर ओरडायचं. बायको शेजारी बसून काहीतरी सांगायची आणि मी नुसती मान डोलवायचो. मला वाटलं, व्ही-एटचा सेट टाकला की ३९०० चे ३०६० होतील आणि संसार सुखाचा होईल. मोडीत काढलेल्या एका गाडीतला सेट पिंजऱ्यासकट मिळाला. एका गॅरेजला दिला, कारण तेव्हा माझ्याकडे डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं घड्याळी माप, नव्हता. त्यांनी बसवून दिला.

पहिल्याच दिवशी ४० मैलांच्या वर मागून ऊंऽऽ असा आवाज सुरू झाला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की यायचा, सोडला की थांबायचा. हे काम मीच उघडायचं ठरवलं आणि डायल गेज विकत आणला.

आता इथे जरा थांबतो, कारण खरी कला इथे आहे. क्राऊनच्या दातांवर प्रशियन ब्ल्यू, म्हणजे निळा रंग, लावायचा, क्राऊनवर हाताने थोडा रोध ठेवायचा आणि पिनियन फिरवायचा. दातांवर ठसा उमटतो. ठसा दाताच्या बुडाशी गेला, तर पिनियन आत फार घुसलाय. शेंड्याशी आला, तर पिनियन दूर राहिलाय. पिनियनच्या डोक्यामागे शिम, म्हणजे पातळ चकती, असते, तिची जाडी बदलायची आणि सगळं पुन्हा खोलायचं. मग क्राऊनचा प्ले, म्हणजे दातांमधली ढिलाई, डायल गेजवर बघायचा. किती हवा ते कारखान्याने क्राऊनच्या कडेवर कोरून ठेवलेलं असतं, इंचाच्या हजारांशात. वर्तमानपत्राचा कागद साधारण तीन थाऊ, म्हणजे तीन हजारांश इंच, जाडीचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

पिनियनचा मोठा नट हा तर स्वभावाचीच परीक्षा. बेअरिंगांमध्ये दबणारा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, असतो. नट आवळत गेलं की तो चुरतो आणि बेअरिंगवर हवा तेवढा ताण येतो. ताण मोजायला मी सुतळी गुंडाळून माशांच्या वजनाचा स्प्रिंगकाटा लावला. नट जास्त आवळलं तर ढिलं करून भागत नाही, स्पेसर गेला, नवा घाला. माझे दोन गेले. माझ्या गोळ्यात ठसा शेंड्याशी होता, पिनियन मागे राहिला होता. शिम बदलली, आवाज गेला.

आवाज गेला, पण सुख आलं नाही. एक म्हणजे स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, मागे काय बदललं ते त्याला ठाऊक नसतं. काटा ५५ दाखवायचा तेव्हा मी ७० ने जात असायचो. ७० ची मर्यादा असलेल्या देशात हे धोक्याचंच. तो प्रश्न मीटर नव्याने जुळवून सुटला.

दुसरा प्रश्न सुटला नाही. सॉमरसेटमध्ये पोर्लॉक हिल नावाचा चढ आहे, चारास एक. जुन्या खंडाळा घाटात गाडी हाकलेल्या माणसाला त्यात नवल नाही. मधल्या वळणावर पुढची कॅराव्हॅन थांबली, मी थांबलो. पुन्हा निघताना पहिल्या गिअरला क्लच दाबून धरून सोडत राहिलो, आणि गाडीत पापड जळल्यासारखा वास भरला. पूर्वी १००० फेऱ्यांना पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सव्वापाच मैल जायची, आता साडेसहाच्या वर. तेवढा वेग येईपर्यंत क्लचने घासत राहायचं. टॉप गिअरमध्ये ५० ला इंजिन २२०० वर असायचं, आणि एमजीबीचा जोर ३००० च्या आसपास. ओव्हरटेक करायला दर वेळी तिसरा टाकावा लागायचा. ३५२८ सीसीचा घास १७९८ सीसीच्या तोंडात घातला होता मी.

मागचा आकडा सगळ्या गिअरना एकदमच गुणतो. मला फक्त टॉप बदलायचा होता, पण मी पहिलाही बदलून बसलो. ज्याला फक्त मोटरवेवरचा आराम हवा, त्याला उत्तर ओव्हरड्राइव्ह. तो गिअरबॉक्सच्या मागे बसतो, बटण दाबलं की टॉपचे फेरे ०.८२ पट. ३९०० चे ३२००. पहिला गिअर जिथल्या तिथे. त्यासाठी इंजिन-गिअरबॉक्स दोन्ही बाहेर काढावे लागतात, एका शनिवार-रविवारचं काम नाही. मी ते केलं आणि मागे पुन्हा ११ आणि ४३ बसवले.

मघाशी कुणीतरी लिमिटेड स्लिपबद्दल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणाऱ्या डिफरन्शियलबद्दल, विचारलं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. रेस ट्रॅकवर वळणात आतलं चाक हलकं होतं, तिथे टॉर्सनसारखं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल कामाचं. शंभराच्या आत अश्वशक्तीच्या, रविवारी फिरायला काढायच्या गाडीला मी ते पैसे घालणार नाही. आधी स्टार पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या पिंजऱ्यातल्या छोट्या दातेरी चाकांच्या, मागचे वॉशर बदला. गिअर टाकताना मागून जो 'टक्' येतो, तो बहुतेक वेळा तिथला नाहीतर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या सांध्याचा, असतो.

तेलाबद्दल एकच. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, तिथे जास्त दाब सोसणारं ईपी नव्वद हे घट्ट गिअर-तेल लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र याच गाडीला इंजिनचं तेल घालतात. दोन्हीकडे एकच डबा रिकामा करणारी माणसं मी पाहिली आहेत.

व्ही-एटचा सेट अजून माझ्या शेडमध्ये आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. कुणाच्या गाडीत व्ही-एट असेल तर चहाच्या वेळी भेटा. क्राऊन आणि पिनियन दोन्हींवर एकच नंबर कोरलेला आहे. न्यायचा तर जोडीने न्या.