भरला भोपळा, बाफल्याच्या रीतीने

श्रोतेहो, नमस्कार.

भरली वांगी, भरली ढोबळी मिरची, भरली तोंडली आपण नेहमीच करतो. परंतु ती सारी ताटाच्या एका कडेला बसणारी भाजी असते. आज मी ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे, तो अख्खा शिजवून पाटावर मधोमध ठेवायचा, कलिंगडासारख्या फोडी कापून प्रत्येकाला वाढायचा आणि त्याच्यासोबत दुसरी भाजी करायचीच नाही, असा आहे. हा पदार्थ म्हणजे तिखटामिठाचा भरला लाल भोपळा.

आपल्या इंदुरात भोपळ्याला फारसा मान नाही. भंडाऱ्यात पुरीबरोबर कद्दूची भाजी, श्राद्धाच्या स्वयंपाकात भोपळ्याची भाजी आणि उपवासाला दह्यातले भरीत, एवढ्यावर त्याची बोळवण होते. गंमत अशी की, ज्याला आपण श्राद्धापक्षाला आणि उपवासाला इतक्या सहजपणे चालवून घेतो, तो लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला असून कोलंबसाच्या सफरींनंतर इकडे आलेला आहे. अख्खा भोपळा भरून शिजवण्याची रीत जगात इतरत्रही आहे. आर्मेनियात शिजवलेला भात, सुका मेवा आणि मध भरून भोपळा भाजतात व त्याला घापामा म्हणतात. तो गोड असतो. मला मात्र वाटते की, जो मुळातच गोड आहे त्याच्यात आणखी गोड घालण्यापेक्षा आंबट आणि तिखट घालावे, म्हणजे दोन्हींची चव खुलते.

सुरुवात बाजारापासून करावी लागते, कारण आपल्याकडे भाजीवाले भोपळा फोड कापून विकतात आणि अख्खा मागितला तर सात-आठ किलोंचा धोंडा पुढे करतात. आपल्याला पावणेदोन ते दोन किलोंचा, बसका आणि बुडाशी सपाट असा हवा, म्हणजे तो शिजताना कलंडत नाही. देठ वाळलेला असावा, सालीवर नख रुतू नये आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागावा. कोवळा हिरवा भोपळा भाजीला उत्तम. परंतु भरल्यावर तो आपल्याच वजनाने खाली बसतो.

पुढचे काम कापण्याचे. विळ्या-भोपळ्याचे सख्य कसे असते ते या वेळी नीट कळते. विळीवर अख्खा भोपळा घेण्याच्या फंदात कोणी पडू नये. आमच्या सासूबाईंच्या काळी अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी घरातल्या पुरुषाने लावायची, असा दंडक होता. त्यामागच्या समजुती मी मानत नाही. पण जाड साल कापायला मनगटात जोर लागतो हे खरे, तेव्हा घरात कोणी रिकामे बसलेले असेल तर त्याला जरूर उठवावे. देठाभोवती झाकण कापताना सुरी सरळ न धरता आतल्या बाजूला तिरपी धरावी. सरळ कापलेले झाकण शिजल्यावर आकसते आणि आत पडते. बिया व तंतू चमच्याने खरवडून काढावेत. बिया टाकू नयेत. त्या धुऊन, वाळवून मीठ लावून भाजल्या की वरून पेरता येतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, तो म्हणजे पाणी. लाल भोपळ्यात वजनाच्या सुमारे नव्वद टक्के पाणी असते आणि शिजताना ते बाहेर येते. मी पहिल्यांदा हा पदार्थ केला, तेव्हा पूर्ण शिजलेला भात व परतलेला मसाला कच्च्या भोपळ्यात भरून थेट ओव्हनमध्ये ठेवला. सव्वा तासाने बाहेरून सुरेख दिसणाऱ्या त्या भोपळ्याचे झाकण पाहुण्यांसमोर उघडले, तर आत खिचडी झालेली होती आणि कडा मात्र करकरीत कच्च्या राहिल्या होत्या. वाटीने वाढून वेळ निभावली.

उपाय आपल्या माळव्यातच सापडला. बाफले, म्हणजे गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, आपण आधी पाण्यात उकडतो आणि मग भाजतो. नावातच बाफणे आहे. तोच न्याय भोपळ्याला लावावा. पोकळ केलेल्या भोपळ्याला आतून मीठ व हळद चोळून, तो पालथा करून मोदकपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात चाळणीवर वीस मिनिटे वाफवावा आणि पालथाच ठेवून निथळू द्यावा. बरेचसे पाणी इथेच निघून जाते. उरलेले पाणी सारणाने पिऊन घ्यावे, यासाठी सारण मुद्दाम अर्धे कच्चे ठेवायचे.

त्या सारणाचे प्रमाण असे: एक वाटी जुना तांदूळ अर्धवट शिजवून, अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ तीन तास भिजवून बोटचेपी उकडून, दीडशे ग्रॅम पनीर कुस्करून आणि अर्धी वाटी दाण्याचा कूट. तीन चमचे तेलात मोहरी, हिंग आणि एक लहान चमचा मेथीदाणे यांची फोडणी करावी. मेथी वगळू नये, कारण भोपळ्याच्या गोडव्याला तिचा कडवटपणाच आवरतो. त्यावर दोन कांदे, आले, लसूण, हिरव्या मिरच्या परतून दोन चमचे काळा मसाला, एक चमचा आमचूर आणि मीठ घालून सारे एकत्र करावे. गूळ अजिबात घालू नये. भरल्या वांग्यांची सवय हाताला असते, म्हणून आठवण देते. शेवटी मूठभर लसणाची शेव चुरून मिसळावी. इंदुरात घरात शेव नाही असे होत नाही, आणि तिच्यातले बेसन पाणी छान शोषून घेते. मात्र शेव खारट असल्याने मीठ बेताने घालावे.

सारण दाबून न भरता काठापासून दोन बोटे जागा सोडावी, कारण तांदूळ फुगतो. बाहेरून तूप चोळून, झाकण लावून, ओव्हनमध्ये १८० अंशांवर पन्नास मिनिटे ते एक तास ठेवावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत तूप सोडून, वर घट्ट झाकण ठेवून, मंद आचेवर तेवढाच वेळ लागतो. फक्त बूड जरा अधिक लाल होते, आणि तो खमंग भाग आमच्या घरी भांडून खाल्ला जातो. कुशीत सुरी सहज गेली की झाला. लगेच कापू नये, पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर फोड उभी राहत नाही.

हा सहा जणांना पुरतो. सोबत ताकाची आंबट कढी आणि कच्च्या कांद्याची कोशिंबीर पुरेशी आहे. जाड साल पानात सोडून द्यावी. यातूनही काही उरलेच, तर दुसऱ्या दिवशी गर आणि सारण एकत्र कुस्करून त्यात ज्वारीचे पीठ व थोडे बेसन मिसळावे आणि थालीपिठे लावावीत. पाणी वेगळे घालावे लागत नाही.

नमस्कार.