मान एकाच बाजूला दुखते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर मान वर करून विरळणी केली की मान अवघडणारच. निफाड-दिंडोरीच्या मंडळींना हे सांगायला नको. ते दुखणं स्नायूंचं. शेकलं, झोप झाली की उतरतं. आज बोलायचंय ते वेगळ्या दुखण्याबद्दल.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड नावाची रोहिणी असते. तिच्या आतल्या अस्तराला कधीकधी चीर जाते. रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, भिंत आतल्या बाजूला फुगते, चिरेपाशी गुठळी धरते. ती सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात. एकूण पक्षाघातांत हे कारण शंभरात दोनेकदाच सापडतं, पण पन्नाशीच्या आतल्यांमध्ये ते प्रमुख कारणांपैकी एक आहे. दुचाकीवरून पडणं, मानेला हिसका बसणं एवढंही पुरतं. काहींना तर कारण आठवतही नाही. सलूनमध्ये दाढी झाल्यावर हनुवटी धरून मान कडकन मोडतात ना, ते मात्र कृपा करून करून घेऊ नका. ‘दादा, मान नको,’ एवढं म्हटलं की झालं.

लक्षणं नीट ऐका. पूर्वी कधी नव्हतं असं, एकाच बाजूचं मानेचं किंवा डोक्याचं दुखणं. त्याच बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक दिसते, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. पक्षाघात कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतो. हा मधला वेळ सोन्यासारखा आहे; तेवढ्यात सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, झाली तर चीर दिसते आणि औषध सुरू करता येतं.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी मांडीच्या रोहिणीतून नळी घालून काढता येते.

पुढे रक्त पातळ ठेवणारी औषधं, सहसा तीन ते सहा महिने. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची की वॉरफेरिनच्या, हा वाद जुना आहे. २०१५ साली ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या २५० रुग्णांच्या चाचणीत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. तीन महिन्यांत फक्त चौघांना पक्षाघात झाला. माझ्या मते घरच्यांना धीर द्यायला हा आकडा पुरेसा आहे. स्टेंटची, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, गरज क्वचितच पडते, कारण बहुतेक चिरा आपोआप भरतात.

दुखणं थांबलं म्हणून गोळ्या थांबवू नका, फेरतपासणी होऊ द्या. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.