घरातला ओव्हर

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचे सात वाजलेत. शाळेची बस ७.३५ ला सोसायटीच्या फाटकाशी येणार. आजोबांना पक्षाघात होऊन दोन महिने झालेत, उजवा हातपाय अजून उचलत नाही. मुलगा ७.४० ला नोकरीवर निघतो, सून ८.१० ला. आजोबांना सांभाळणाऱ्या मावशी आठला येतात. मुलानं निघता निघता बीपीची गोळी दिली. सून तेव्हा लेकीला बसमध्ये बसवायला खाली गेली होती. मावशींनी आल्या आल्या विचारलं, ‘‘गोळी झाली का?’’ सून चप्पल घालता घालता म्हणाली, ‘‘नसेल बहुतेक.’’ आणि तीच गोळी दुसऱ्यांदा पोटात गेली.

नोकरी, शाळेतलं मूल आणि अंथरुणावरचं माणूस हे तिन्ही एकाच छपराखाली असलं, की चुका अशाच होतात. या घरात माया भरपूर आहे, माणसंही तीन आहेत. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना निसटलं, इतकंच. आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ निसटू शकतं.

रुग्णालयात यासाठी जुनी रीत आहे. ड्यूटी संपणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला ‘ओव्हर’ देते. रुग्णाच्या खाटेशी उभं राहून, कागद हातात घेऊन सांगते: काय दिलं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. ओव्हर दिल्याशिवाय ती घरी जात नाही. ही रीत घरी आणता येते. लागते फक्त एक दोनशे पानी वही आणि दोरीनं तिला बांधलेलं पेन. वही खाटेजवळच राहते. मोबाइलवरचा ग्रुप या कामाला चालत नाही, कारण मावशी त्यात नसतात आणि औषधाची नोंद वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

वहीत रोजचं एक पान. रकाने पाचच: वेळ, औषध, खाणं-पाणी, कूस, सही. गोळी तोंडात गेल्यावरच सही करायची, आधी नाही. खाली दोन ओळी लघवी आणि शौचासाठी. तीन दिवस पोट साफ झालं नाही, हे रोज बदलणाऱ्या तीन माणसांपैकी कुणाच्याच लक्षात येत नाही. वहीत मात्र ते लगेच दिसतं. गोळी दिली की नाही अशी शंका आली आणि सही सापडत नसेल, तर अंदाजानं पुन्हा देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं.

आता वेळ. मावशी आठला येणार आणि तुम्ही आठ दहाला निघणार, तर ओव्हरला दहा मिनिटंही मिळत नाहीत, कारण त्यातच त्यांचे हातपाय धुणं, कपडे बदलणं आलं. दोघांची अर्धा तास गाठ पडेल अशी वेळ ठरवा: मावशी साडेसातला. त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे द्यायला लागले तर द्या. घरखर्चातली ही सगळ्यात सार्थकी लागणारी रक्कम आहे. ब्युरोकडून बाई घेताना कामं तोंडी ठरवू नका. अंग पुसणं, डायपर बदलणं, भरवणं, व्यायाम करून घेणं, कोणतं काम त्यांचं आणि कोणतं नाही, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, हे एका कागदावर लिहून घ्या आणि पोलीस पडताळणी झाल्याची प्रत मागा. घरची भांडी आणि स्वयंपाक त्यांच्यावर ढकलला, तर त्याच वेळेत रुग्णाची कूस बदलायची राहते. म्हणून ती सीमा पाळायचीच.

कुशीचा रकाना का ठेवला, ते सांगते. माणूस एकाच अंगावर पडून राहिला, की हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या कातडीचं रक्त थांबतं. काही तासांतही इजा सुरू होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. पूर्ण कुशीवर वळवण्यापेक्षा पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंशांत कललेलं ठेवलं, तर खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घातली की टाचा अधांतरी राहतात. रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर जखमेची सुरुवात झाली आहे असं समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा किंवा कडकपणा हातानं चाचपा. अशा जागेवर तेल लावून चोळायचं नाही. आपल्याकडे प्रेमानं नेमकं तेच केलं जातं आणि आतली इजा वाढते. हवेची गादी चांगली, पण ती असली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. वीज गेली की पंप बंद पडतो, त्यामुळे गादी हातानं दाबून बघायची सवय मावशींनाही लावा.

भरवण्याबद्दल दोन गोष्टी. पक्षाघातानंतर गिळणं बिघडलेलं असू शकतं, आणि अशा वेळी पातळ पाणी हे घट्ट खिमटीपेक्षा धोक्याचं असतं, कारण ते चटकन श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागत असेल किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या. भरवताना पाठ सरळ, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, घास चांगल्या बाजूच्या गालात. जेवणानंतर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. सकाळच्या घाईत नेमका हाच अर्धा तास कापला जातो: नाश्ता भरवला, आडवं केलं, निघालो. म्हणून नाश्ता मावशींच्या वेळेत टाका. सगळं आटोपूनच निघायचा हट्ट सोडा.

‘मदत’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. ‘‘तू सांग ना, मी करतो’’ असं म्हणणारा नवरा मनापासूनच म्हणतो. पण आठवण ठेवायचं काम तिच्याच डोक्यात राहतं, आणि तिला थकवतं ते तेच. कामं फोडून न देता खाती वाटा. औषधं हे एक अख्खं खातं: रविवारी सात कप्प्यांची डबी भरणं, आठवडा पुरेल इतका साठा उरला की दुकानात जाणं, डॉक्टरांची पुढची तारीख, बदललेली गोळी वहीत चढवणं. शाळा हे दुसरं: ग्रुपवरचे निरोप, डायरीवरच्या सह्या, गॅदरिंगचा ड्रेस, पालकसभा. खातं ज्याचं, त्यानंच ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं. तीन महिन्यांनी अदलाबदल करा, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा अडत नाही.

मुलांना यात कुठे घ्यायचं? नऊ-दहा वर्षांच्या लेकीनं आजोबांना पेपर वाचून दाखवणं, त्यांच्याकडून शब्द म्हणवून घेणं, रिकामा तांब्या भरून ठेवणं, ही खरी कामं आहेत आणि मुलं ती आनंदानं करतात. औषध देणं, पाणी पाजणं आणि एकटीनं आजोबांना सांभाळणं ही कामं तिला द्यायची नाहीत. संध्याकाळी साडेसहाला ती क्लासहून येते, तेव्हाच मावशींची निघायची वेळ झालेली असते आणि आई-बाबा रस्त्यात असतात. दिवसातली सगळ्यात कच्ची वेळ हीच. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि पाऊण तास ठरवून ठेवा, तेही आदल्या दिवशी विचारून. आईनं किंवा बाबांनी घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं लेकीला द्यावीत आणि मग वही उघडावी. खाटेकडे आधी धावलं, तर तिला ते रोज दिसतं.

रजेचा हिशेब बहुतेक घरांत उलटा होतो. रुग्णालयात असताना दोघंही रजा टाकून बसतात, आणि घरी आणल्यावर, जेव्हा शिकायचं आणि बसवायचं सगळं असतं, तेव्हा रजा संपलेली असते. तिथे एकानंच थांबा. घरी आल्यावरचा पहिला आठवडा एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. राज्य सरकारी सेवेत बालसंगोपन रजा आहे, केंद्राच्या सेवेत ती ७३० दिवसांपर्यंत मिळते. आजारी आईवडिलांसाठी खासगी नोकरीत कायद्यानं वेगळी रजा नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, आणि वर्षात २४० दिवस काम केलं तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू आहे. ही साठवण दिवाळीच्या सहलीत संपवण्याआधी विचार करा. साहेबांकडे ‘थोडी सवलत द्या’ असं मोघम मागू नका. ‘तीन महिने, मंगळवार आणि शुक्रवार, दहाऐवजी अकराला येईन, सातला जाईन’ असं लिहून द्या.

रात्री दोघांनी अर्धवट जागण्यापेक्षा एकानं एक रात्र पूर्ण घ्यावी आणि दुसऱ्यानं दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावं. ज्याला सतत रडू येतं, चीड येते, झोप मिळूनही लागत नाही, त्यानं टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावं. ज्येष्ठांसंबंधी माहितीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

आता वहीचं पहिलं पान. त्यावर मोठ्या अक्षरांत रुग्णाचं नाव, आजार, चालू औषधं, कशाची अॅलर्जी, दोन फोन नंबर आणि १०८. त्याखाली लिहा: तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही नव्यानं दिसलं तर लगेच फोन. एकदा पक्षाघात झालेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका असतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात. रुग्णालयात पहिला प्रश्न हाच विचारतील. दुपारी २ ला कूस बदलली, बोलले, पाणी प्यायले, सही मावशींची, ही ओळ वहीत असेल तर उत्तर तयार असतं. रुग्णवाहिकेत बसताना ती वही सोबत घ्या.

नमस्कार.