वरातीतला नाच आणि फ्लोअरवरचा नाच

(लातूरच्या एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. रिकाम्या खुर्च्या दिसायल्यात मला इथून. या, मी काही प्रश्न विचारत नाही.

बोलवायला आलेल्या सरांनी विचारलं, विषय काय लिहू? मी म्हणालो, नाइट क्लबात नाचताना कसं वागावं. सर जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, ‘नृत्य आणि शिष्टाचार’ असं लिहितो. मागच्या फलकावर तेच आहे बघा. सरांचं बरोबर आहे. तुमच्या घरी कळलं असतं, की कॉलेजात क्लबवर भाषण आहे, तर आज निम्मी खोली रिकामी असती.

मी नाचणारा नाही आणि डीजेही नाही. मी लाईटवाला. अंबाजोगाईत मंडपाच्या माळा लावण्यापासून सुरुवात केली, नंतर अकरा वर्षं पुण्यातल्या क्लबांत लाईटचा कन्सोल चालवला. लाईटवाला उंचावर बसतो. फ्लोअरवरच्या माणसाला शेजारचे चार दिसतात, मला तीनशे दिसायचे. कोण कुणाच्या मागे सरकतोय, कोण अंग चोरतंय, कुठे गर्दी नको तशी आवळली जातेय, हे वरून ढगासारखं दिसतं. त्यात आपल्या भागातला पोरगाही मला वरूनच ओळखू यायचा. कपड्यांवरून नाही. नाचण्यावरून.

तो वरातीत नाचायचा. आता हसू नका, मीही तसाच नाचतो. आपण सगळे नाचायला शिकलो ते वरातीतच. हलगी, बेंजो, नंतर डीजेची गाडी. रुमाल दातात धरून नागीण काढायची, सोबत्याने पुंगी वाजवायची. रस्ता आपला, नवरदेव आपला, ट्रॅफिक थांबलेली. वरातीत बायका नाचल्या तर त्यांचा घोळका वेगळा, पोरांचा वेगळा. अनोळखी बाई आणि अनोळखी पुरुष एकाच जागेवर, एकाच गाण्यावर नाचतायत, असं आपण वयाच्या विशीपर्यंत पाहिलेलंच नसतं. मग हिंजवडीत नोकरी लागते, पहिला पगार होतो, आणि पाचजण कव्हर चार्ज, म्हणजे क्लबात शिरायचे पैसे, भरून थेट त्या फ्लोअरवर. तिथं कसं वागायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे वरातीतलंच तिथं चालू होतं.

वरातीत दोन रीती आहेत. पहिली घेर धरायची. कुणी चांगलं नाचायला लागलं, की आपण त्याच्याभोवती रिंगण करतो, टाळ्या वाजवतो. तो मान असतो. नवरदेवाच्या मामाला मधे घेतात, म्हातारा खूश होतो. हीच रीत पाच पोरांनी फ्लोअरवर एकट्या नाचणाऱ्या मुलीभोवती केली तर? पोरांच्या मनात कौतुकच असेल, मी मानतो. पण वरून मला काय दिसायचं? पाच पाठी, आणि मधे एक मुलगी, जिला बाहेर पडायला जागा नाही. तिच्यासाठी तो वेढा. ती आधी हसते, मग आजूबाजूला बघते, मग मैत्रिणीला शोधते. ‘मैत्रिणीला शोधते’ हे दिसलं, की मी बाउन्सरला टॉर्चने खूण करायचो.

दुसरी रीत ओढून आणायची. काकू बाजूला उभ्या असतात, आपण हाताला धरून ओढतो, त्या ‘नाही रे बाबा, मला नाही येत’ म्हणतात, आपण आणखी ओढतो, आणि त्या येतात. वरातीतला नकार लटका असतो असं आपण धरून चालतो. जेवणाच्या पंगतीतलंही तसंच. ‘नको, पोट भरलं’ म्हटल्यावरही पोळी वाढायचीच, नाहीतर आग्रह केला नाही म्हणून नाव ठेवतील. आपल्या हाताला आणि कानाला सवयच लागलीय, की पहिला नकार मोजायचा नाही. फ्लोअरवर पहिलाच नकार शेवटचा असतो. आणि तो शब्दातच येईल असंही नाही. तिने पाठ फिरवली, दोन पावलं सरकली, मैत्रिणीला मधे घेतलं, तर झालं उत्तर.

यावर पोरं म्हणतात, सर, मग विचारायचं कसं? आवाज केवढा असतो. खरंय. क्लबात शंभर डेसिबल सहज होतात. कामगारांसाठी जे मोजमाप लावतात त्यात 85 डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला हिशेब करा, पंधरा मिनिटं येतात. आम्ही कानात बोळे घालून बसायचो. तुम्हीही स्पीकरला चिकटून नाचू नका. पण त्या आवाजामुळे माणूस बोलायला कानाशी जातो, कानाशी जाताना खांदा धरतो, खांद्यावरून हात खाली सरकतो, आणि ‘चुकून झालं’ म्हणतो. बोलायचंच असेल तर फ्लोअरच्या बाहेर, बारपाशी. फ्लोअरवर नजर पुरते.

नजर पुरते हे मी उगीच म्हणत नाही. ब्यूनस आयर्समध्ये टँगो नाचायच्या जागेला मिलोंगा म्हणतात. तिथली जुनी पद्धत अशी, की पुरुष उठून बाईच्या टेबलाशी जात नाही. लांबूनच बघतो. तिनं नजर दिली, मान हलवली, तर तो उठतो. तिनं दुसरीकडे पाहिलं, तर विषय संपला. याला काबेसेओ म्हणतात. मला त्यातली हुशारी फार आवडते. नकार झाला तरी चारचौघांना कळत नाही. आपल्याकडे निम्मी भांडणं नकारामुळे होत नाहीत, मित्रांसमोर नकार झाला म्हणून होतात. पाचजण मागे उभे, ‘जा ना, जा ना’ म्हणतायत, हा जातो, ती नाही म्हणते, आणि मग परत फिरताना याला काहीतरी करून दाखवावंच लागतं. त्या पाचांनी ‘जा ना’ म्हटलं नसतं तर काहीच झालं नसतं. मिलोंगातल्या जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, सगळ्या एकाच वाटेने, म्हणजे कुणी कुणाला धडकत नाही. आपण प्रदक्षिणेत कुणाला धडकतो का? तसंच.

हे परदेशातलं सांगतोय म्हणून कुणाला वाटेल, की आपल्याकडे असलं काही नव्हतंच. माझी आजी पंचमीला फुगडी खेळायची. फुगडीत हात पुढे केला जातो, आणि समोरचीनं तो धरायचा असतो. धरला नाही तर फुगडी होतच नाही; ओढून कुणाशी फुगडी खेळता येत नाही, करून बघा. धरल्यावर दोघी मागे झुकतात, एकीचा भार दुसरीच्या हातावर. एकीनं सोडलं की दोघी पडतात. आजी नवख्या पोरीशी खेळताना आधी हळू फिरायची, तिचा दम बघायची, मग वेग.

संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या नादात तिथं फारसं कुणी जात नाही. सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नाचणारी स्त्री कोरलीय, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या सहा स्त्रिया. मी लाईटच्या कामासाठी शहरात होतो, सहज चढून गेलो. सहाजणी इतक्या जवळ बसल्यात, जागा एवढीशी, तरी नाचणारीच्या अंगाला कुणाचा स्पर्श नाही. तिची कोपरं मोकळी आहेत. धंद्यातल्या माणसाला असलंच दिसतं, काय करणार.

पैशाचं एक सांगतो. तमाशाच्या फडात, संगीत बारीत दौलतजादा असते, तिलाही रीत असते. नोट कशी द्यायची, हात कुठं थांबवायचा, हे जुने शौकीन जाणतात. नोटा उधळणं वेगळं. डान्स बारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हाच फरक केला. बक्षिसी देता येईल, पैसे उधळता येणार नाहीत. क्लबात तर नाचायला आलेली मुलगी तुमच्यासारखीच कव्हर चार्ज भरून आलेली असते. तिच्यावर नोट उडवणारा मी दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा तो आपल्याच बाजूचा निघाला. मला खाली उतरून मुस्काटात मारावंसं वाटलं होतं.

आता माझी स्वतःची चूक. एका रात्री फ्लोअरवर एक मुलगी एकटीच, डोळे मिटून, फार सुंदर नाचत होती. मला वाटलं, हिला मान देऊ. मी बाकीचे दिवे उतरवले आणि तिच्यावर एक सरळ पांढरा झोत सोडला. दहा सेकंदांत तीस मोबाइल वर. तिनं डोळे उघडले, सगळीकडे कॅमेरे, आणि ती तोंडावर ओढणी घ्यावी तसा हात घेऊन निघून गेली. पुन्हा त्या क्लबात मला ती दिसली नाही. कदाचित घरी माहीत नसेल, ऑफिसात कुणी बघेल अशी भीती असेल, किंवा नुसतंच नको असेल. कारण विचारायचा मला अधिकार नव्हताच. मीच तिच्याभोवती घेर धरला होता, फक्त उजेडाचा. बर्लिनला बर्गहाइन नावाचा क्लब आहे, तिथं दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. त्या रात्रीनंतर मला ते पटलं. दुसऱ्याचा नाच आपल्या स्टेटसला टाकू नका.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. हातात ग्लास घेऊन फ्लोअरवर जायचं नाही. सांडलं की घसरतं, फुटलं की पाय कापतो, आणि काच गोळा करायला एक पोरगा रांगत येतो, त्याच्या बोटांवर लोक नाचतात. वेटरला शुक-शुक करू नका. डीजेच्या तोंडासमोर मोबाइलवर गाणं धरू नका. वरातीत पाचशे दिले की गाणं लागतं, इथं नाही. चप्पल घालून गेलात तर दारातूनच परत येताल. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा इथल्या बहुतेकांनी सोडाच मागवा. आणि दारात ‘स्टॅगला’, म्हणजे सोबत मुलगी नसलेल्या पुरुषाला, ‘प्रवेश नाही’ म्हटल्यावर अनोळखी मुलींना ‘आमच्यासोबत कपल म्हणून चला ना’ म्हणत फिरू नका. तो नियमच मला आवडत नाही, मुलगी म्हणजे गेटपास असल्यासारखा. पण नियम मालकाने केला, भोग तिला का?

कायदाही ऐकून ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे. कलम 75 मध्ये नको असताना केलेला स्पर्श येतो, 78 मध्ये पाठलाग, आणि 74 मध्ये विनयभंगासाठी हात टाकला तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच. ‘चुकून हात लागला, गर्दी होती’ हे तिथं ऐकत नाहीत. आणि मुलींनो, इंग्लंडात 2016 मध्ये लिंकनशायरला एक मोहीम निघाली. बारवर जाऊन ‘अँजेला आहे का’ विचारलं, की कर्मचारी समजतात आणि सुरक्षित बाहेर काढतात. इथं तसा संकेत असेलच असं नाही, पण लाईटवाला, बारवाला, बाउन्सर यांच्याशी सरळ येऊन बोला. आम्हाला भांडण नको असतं, तुमच्यापेक्षा जास्त.

एक चिठ्ठी आलीय. ‘सर, मग वरातीत पण विचारूनच ओढायचं का?’

चांगला प्रश्न आहे. मे महिन्यात पुतणीचं लग्न झालं. माझी वहिनी, म्हणजे नवरीची आई, वरातीत बाजूला उभी होती. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या लग्नात मी तिला ओढतो, ती ‘भावजी, नको’ म्हणते आणि मग नाचते. यंदा मी नुसता हात पुढे केला. ती नको म्हणाली. मी बरं म्हणून पुढे गेलो. मला वाटलं, दोन गाण्यांनी येईल आपणहून. ती आलीच नाही. रात्री जेवताना विचारलं, तर म्हणाली, चार वर्षं झाली गुडघे दुखायलेत, दर लग्नानंतर आठ दिवस तेल लावून बसते. मी म्हणालो, मग सांगितलं का नाही?

ती म्हणाली, दरवेळी सांगतच होते की.