दररोज सकाळी

श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात तुम्हां सर्वांना नमस्कार.

नव्या वर्षाची डायरी उघडली की पहिल्याच पानावर काही ओळी भरायच्या असतात. नाव, पत्ता, फोन नंबर, रक्तगट. आणि सगळ्यांत खाली : आणीबाणीच्या प्रसंगी कोणाला कळवावे. एकतीस वर्षं मी त्या ओळीवर एकच नाव लिहीत आलो, माझ्या पत्नीचं. हात आपोआप लिहायचा. यंदा वरच्या ओळी भरून झाल्या आणि या ओळीपाशी पेन अडलं. ती ऑगस्टमध्ये गेली. पेनाचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं, आणि थोड्या वेळाने पाहतो तर तिथे शाईचा चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका पसरला होता. मी डायरी मिटून ठेवली.

आज त्या ठिपक्यापासूनच बोलायला सुरुवात करतोय. कारण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या आयुष्यात असा ठिपका असेल. नोकरी सुटलेली असेल, घरातलं माणूस रागावून निघून गेलेलं असेल, किंवा उद्या-परवा हाती येणाऱ्या रिपोर्टची धास्ती असेल. वर्षाअखेरच्या उपासनेत आपण सगळ्यांबरोबर उभे राहून म्हणतो, ‘प्रभू, येणारं वर्ष तुझ्या हाती देतो.’ शब्द तोंडातून जातात, पण आत तीनशे पासष्ट दिवस एकदम अंगावर येतात. एवढ्या दिवसांना पुरेल एवढा विश्वास आणायचा कुठून? मला तरी तो सापडला नाही. मग मी पवित्र शास्त्रात तो शोधायला बसलो, आणि लक्षात आलं की एवढा विश्वास देवाने कुणाकडे मागितलेलाच नाही.

विलापगीत हे लहानसं पुस्तक तुम्हाला ठाऊक आहे. यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, लोकांना बंदिवान करून बाबेलला नेलं. इ.स.पू. ५८७च्या सुमाराची ही गोष्ट. त्या राखेत बसून कुणीतरी हे विलाप रचले. परंपरा त्यांचं कर्तेपण यिर्मया संदेष्ट्याला देते. यातली पहिली चार गीतं इब्री वर्णमालेच्या क्रमाने बांधलेली आहेत. वर्ण बावीस. तिसऱ्या अध्यायात तर प्रत्येक वर्णाला तीन वचनं, म्हणजे सहासष्ट. ज्याच्या डोळ्यांदेखत शहर जळालं, तो माणूस एकेक अक्षर धरून, क्रम न चुकवता रडतो आहे. दुःख इतकं अफाट की त्याला धरायला काहीतरी कठडा हवा, म्हणून त्याने वर्णमाला धरली असेल का? मला तसं वाटतं. माझ्या पत्नीच्या आजारपणात मी तिच्या औषधांच्या वेळा वहीत अशाच धरून ठेवल्या होत्या. सहा, दोन, दहा.

आणि हा माणूस देवाला काय काय म्हणतो! तू मला भिंत घालून कोंडलंस. मी ओरडलो तरी माझी प्रार्थना आत येऊ दिली नाहीस. माझे दात खड्यांनी मोडलेस. माझी आशा संपली. हे सगळं पवित्र शास्त्रात आहे, कुणी ते गाळलं नाही. आणि अगदी इथेच, याच तोंडाने, तो थांबून म्हणतो की एक गोष्ट मी मनात आणतो म्हणून मला आशा वाटते : परमेश्वराची दया संपलेली नाही, ती दररोज सकाळी नवी होते.

दररोज सकाळी. हे वचन आपण १ जानेवारीला इतक्या वेळा ऐकतो की त्यात वर्षाचा उल्लेख नाही हे कानाला जाणवतच नाही. दया नवी होते ती रोज सकाळी. ‘मी मनात आणतो’ हेही नीट ऐका. त्याला आतून उभारी आलेली नाही. त्याने एक जुनी, माहीत असलेली गोष्ट हाताने उचलून स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवली आहे. पुढच्या काही वचनांत तो पुन्हा रडतो. डोळ्यांतून पाण्याच्या धारा वाहतात असं म्हणतो. आणि पुस्तकाचा शेवटही सुखाचा नाही. तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस का, असल्या धास्तीवर ते संपतं. म्हणजे भरवसा परत आला की रडणं थांबलंच पाहिजे, असं देवाचं वचन सांगत नाही. हे वाचून मला किती हायसं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

रानातल्या मान्न्याची, म्हणजे देवाने तिथे पुरवलेल्या अन्नाची, गोष्टही तीच. इस्राएल लोकांनी रोज सकाळी त्या दिवसापुरता मान्ना गोळा करायचा. उद्यासाठी राखून ठेवला त्याच्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती. चाळीस वर्षं हे चाललं. आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची.

आता कुणी म्हणेल, एकेक दिवस ढकलणं म्हणजे का भरवसा? पुढचं काही बघायचंच नाही? त्यावर यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचावा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार हे त्याने उघड सांगितलं होतं. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या तावडीत गेलेल्या मुलखातलं शेत! यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांपुढे खरेदीखत करतो, आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. या देशात पुन्हा घरं आणि शेतं विकत घेतली जातील, हे देवाचं वचन होतं.

मला यातला पुढचा भाग जास्त जवळचा वाटतो. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळून देवाला म्हणतो, वेढ्याचे मोर्चे तटाला भिडलेत, शहर गेल्यातच जमा आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी आज्ञा पाळली, मग शंका बोलून दाखवली. देव त्याला रागावला नाही, त्याने उत्तर दिलं. आणि ज्या माणसाने हे शेत घेतलं त्याला पुढे मनाविरुद्ध मिसर देशात नेण्यात आलं. त्या शेतात त्याने कधी नांगर घातल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

अलीकडच्या काळातलं एक उदाहरण सांगतो. दीत्रिख बॉनहोफर हे जर्मनीतले पाळक. हिटलरच्या राजवटीला विरोध केला म्हणून १९४३च्या एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली. १९४४च्या डिसेंबरमध्ये ते बर्लिनमध्ये गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, मुख्यालयाच्या तळघरातल्या कोठडीत होते. तिथून त्यांनी आपल्या वाग्दत्त वधूला नाताळाचं पत्र पाठवलं आणि त्यासोबत नव्या वर्षासाठी लिहिलेली एक कविता. कवितेत सुटकेची मागणी सर्वांत वरच्या आवाजात नाही. दुःखाचा काठोकाठ भरलेला प्याला तुझ्या हातून आला तर तो घेऊ, आणि पुन्हा या जगातला आनंद दिलास तर तोही घेऊ, असा तिचा सूर आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली. वय ३९. महिन्याभरात युरोपातलं युद्ध संपलं. हा हिशेब मला आजही लागत नाही, आणि तो लागला आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या तळघरात त्यांनी देवाचा हात ‘चांगला’ म्हटला, तेव्हा त्यांना बाहेरचं काहीही चांगलं दिसत नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.

इथे एक विनंती करतो, दुःखातल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांना. ‘देवाने काहीतरी चांगल्यासाठीच केलं असेल’ हे वाक्य घाईने बोलू नका. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे बोलायला लागल्यावर. आमच्या मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्या पत्नीच्या आजारपणात दर गुरुवारी संध्याकाळी यायचे. खुर्ची खिडकीपाशी ओढून बसायचे. जाताना एक स्तोत्र वाचायचे, बस्स. एकदा त्यांनी ८८ वं वाचलं, ज्याचा शेवटच अंधारात होतो. मी जरा दचकलो. पत्नी मात्र डोळे मिटून म्हणाली, ‘हे माझं आहे.’ त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं. गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा छप्पर उसकटून त्याला येशूसमोर खाली सोडलं. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. त्या बाजेवरच्या माणसाला त्या दिवशी काय वाटत होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. तो निजलेला होता, आणि दुसऱ्यांच्या हातांत दोर होते. आणि प्रभू स्वतः? अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना जवळ बोलावलं. माझ्याबरोबर जागे राहा, म्हणाला. त्यालाही माणसं हवी होती. प्याला टळावा असं त्यानेही मागितलं.

म्हणून ज्यांना या १ जानेवारीला प्रार्थनाच सुचत नाही, त्यांनी कुणाला तरी तसं सांगावं. ‘माझ्याने होत नाही, तुम्ही माझ्यासाठी करा.’ एवढंच.

काल सकाळी मी ती डायरी पुन्हा उघडली आणि त्या गुरुवारच्या गृहस्थांना फोन लावला. म्हटलं, ‘काका, डायरीत कळवण्यासाठी एक नाव लागतं. तुमचं लिहू का?’ पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, ‘लिही. रात्री फोन माझ्या उशाशीच असतो.’ ठिपक्याच्या शेजारून सुरुवात करून मी त्यांचं नाव लिहिलं.

चला, आपण प्रार्थना करू.

हे प्रभू, आमच्यातले काही जण आज उठून बसले हेच पुष्कळ आहे. त्यांना आजच्यापुरतं बळ दे. ज्यांना तुझ्याशी बोलवत नाही, त्यांचं रडणं ऐक. त्यांच्या दोराला धरतील असे हात त्यांच्या घरी पाठव, आणि आमच्यापैकी ज्यांना पाठवशील त्यांना उठून जाऊ दे. उद्याची सकाळ तुझ्याजवळ आहे. ती आम्ही उद्या मागू. येशूच्या नावात, आमेन.