दहावा दिवस, रामकुंड

सकाळी नऊच्या आतच घाटावर न्हाव्यांचे वस्तरे चालू झालेत. मुंडण झालेले दोघे भाऊ ओल्या धोतरानं पायरीवर बसलेत. गोदावरी इथं दक्षिणेला वळते. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून पितरांच्या कार्याला ही जागा मोठी. रामानं दशरथाचं श्राद्ध इथंच केलं, असं नाशकात कुणीही सांगेल.

तो ताम्हणातला काळपट दगड पाहा. हा जीवखडा. स्मशानात मडक्याला भोक पाडलं, ते यानंच. गेलेला माणूस दहा दिवस या खड्यात आहे असं धरून त्यावर तिळाचं पाणी सोडतात. जानवं उजव्या खांद्यावर, तोंड दक्षिणेला, आणि पाणी सोडायचं ते अंगठा आणि तर्जनीच्या मधून.

पिंड मांडला. माणसं मागं सरकली.

पत्र्याच्या कडेला कावळे बसलेत, पण उतरत एकही नाही. मग बोलणं सुरू होतं. ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ.’ ‘आईला अंतर देणार नाही.’ ‘वाटणीवरून भांडणार नाही.’ हे शेवटचं थोरला भावाकडे बघून म्हणाला. वकिलासमोरही माणूस इतकं सरळ बोलत नसेल. याला भाबडेपणा म्हणणारे म्हणोत. गेलेला अजून ऐकतोय, त्याचा जीव कशात तरी अडकलाय आणि तो आपल्याला सोडवता येईल, या आशेवरच घर उन्हात उभं आहे. कावळा नाहीच आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. शास्त्राला ते चालतं. पण हल्ली दहा मिनिटांतच दर्भ शोधायला लागतात, ते आम्हाला काही पटत नाही.

शिवला!

आता जीवखडा पाण्यात. शेजारीच अस्थिविलय तीर्थ. इथं अस्थी पाण्यात विरून जातात, ही श्रद्धा. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचं विसर्जनही रामकुंडातच झालं. रक्षा, निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या यांनी पाण्याचं काय होतं, ते समोर दिसतंच आहे.

तीर्थपुरोहितांनी वही काढली. लांबट, कापडात बांधलेली. गाव, कुळ, आजोबांचं नाव, त्याखाली आज वडिलांचं. दोघा भावांनी सह्या केल्या. पुढं नातू आला, तर आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, की हेच पान उघडेल. धाकट्यानं आपली सही पुन्हा एकदा वाचून पाहिली आणि विचारलं, ‘गुरुजी, आमच्या पोरांची नावं आत्ताच लिहून ठेवता येतील का?’