पत्राचं परत लाव की!

सोलापूर. मे महिन्यातली रविवारची दुपार. खिडक्यांवर सोलापुरी चादरी टाकून खोलीत अंधार केलाय, कूलर घरघरतोय. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग आहे, ऑगस्ट २००५. इटालियन संगीतकार व्हर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, भरल्या प्रेक्षागृहात चित्रित केलेला.

गोष्ट ओळखीची वाटावी अशीच. पॅरिसची गणिका व्हायोलेत्ता, तिच्यावर जीव टाकणारा आल्फ्रेदो, घराण्याच्या अब्रूपायी दोघांना तोडणारा त्याचा बाप. आणि क्षय. गिरण्यांच्या या गावात खोकल्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पांढरी अर्धगोल भिंत, एक अवाढव्य घड्याळ, काळ्या सुटांच्या गर्दीत व्हायोलेत्ता झालेल्या आन्ना नेत्रेब्कोचा लाल झगा. ‘काय बे, सेटच नाही की! कपडेपण आजचेच!’ मागून कुणीतरी. पण १८५३ साली, व्हेनिसच्या पहिल्या प्रयोगालाही व्हर्दीला चालू काळातलेच कपडे हवे होते. अधिकाऱ्यांनी ऐकलं नाही, कथा दीडशे वर्षं मागं ढकलली. प्रयोग पडला. क्षयानं खंगलेली नायिका चांगली अंगानं भरलेली, लोक हसले. दिग्दर्शक विली डेकरचे हे सूट व्हर्दीला पटले असते, असं आपलं आम्हाला वाटतं.

तिसरा अंक. पुढच्या रांगेतले आजोबा सरसावून बसतात. संगीत नाटकांना त्यांनी ऑर्गनची साथ केलीय. इतका वेळ सगळं गाण्यातच चाललंय, अगदी या-बसासुद्धा. आता व्हायोलेत्ता आल्फ्रेदोच्या बापाचं पत्र उघडते आणि चक्क बोलते. मागं व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून. आल्फ्रेदो माफी मागायला येतोय, असं पत्रात आहे. ‘उशीर झाला!’ एवढंच ती म्हणते. गाणं त्यानंतर.

‘आपल्यात उलटं,’ आजोबा म्हणतात. ‘गद्य चालू असतं, मन भरून आलं की पद. हिनं दुःखाला गद्य राखून ठेवलंय.’

कॅमेरा इतका जवळ की मानेवरचा घाम दिसतो, श्वास घेताना गळ्याखालची हाडं वर येतात. साल्झबुर्गच्या शेवटच्या रांगेला हे दिसलं नसणार. पण कॅमेरा आगाऊही असतो: ती गात असताना इतर काय करताहेत, ते आपल्याला बघू देत नाही.

शेवटी बळ परत आल्यासारखी ती उठते आणि कोसळते. तिकडे टाळ्यांचा कडकडाट. इकडे आजोबा: ‘ते पत्राचं परत लाव की!’

रेकॉर्डिंगला वन्स मोअर देता येतो, ही सोय खरी. पोरगा रिमोट घेऊन मागं-पुढं करतोय, नेमकी जागा काही सापडेना. तेवढ्यात चहा आला.